कुर्डुवाडी मागं पडली की

संध्याकाळी पुण्याहून सोलापूरला सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कान उघडे ठेवून बसलं की करमणुकीला दुसरं काही लागत नाही. दौंडपर्यंत डब्यातली नोकरदार पोरंपोरी फोनवर अगदी बेतानं बोलत असतात. 'हो सर, पाठवतो', 'अगं नाही ना, मीटिंगमध्ये होते'. भिगवणच्या आसपास फोनची बॅटरी आणि ती भाषा, दोन्ही उतरणीला लागतात. आणि कुर्डुवाडी मागं पडली की पलीकडच्या बाकावरनं हाक येते, "काय करलालास बे? सरक की जरा!" डबा एकदम सैल होतो. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तेच, पाठीवरची सॅक तीच, आवाज मात्र गाडीच्या आधी घरी पोचलेला असतो.

माझा भाचा हिंजवडीला असतो, तो याच गाडीनं येतो. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या भावाची, एक जुनी तक्रार आहे. "पुण्यात पुणेरी, इथं आला की सोलापुरी. खरा कुठला बे तू?" भाऊ स्वतः आयुष्यभर एकाच सुरात बोलत आला. बँकेत, लग्नात, व्याह्यांच्या घरी, कुठंही तीच पट्टी आणि तेच 'बे'. "आपण हाय तसं हाय" हे त्याचं ब्रीद. लोक त्याला सच्चा माणूस म्हणतात. असेलही. पण 'मी असाच आहे' म्हणणाऱ्याच्या वाट्याचं जुळवून घेणं बाकीच्या घराला करावं लागतं, हे बाहेरच्यांना दिसत नाही. वहिनीला विचारा.

खरं तर सोलापुरात जन्माला येऊन एकाच सुरात जगणं म्हणजे कमालच म्हणायची. पूर्व भागात पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची घरं, अक्कलकोटकडून आलेलं कानडी, मराठी तर आहेच, आणि गल्लीबोळांत सगळ्यांनाच येणारी दखनी, म्हणजे इकडची हिंदी-उर्दू. शाळेत एका बाकावर तीन भाषा बसायच्या आणि डबा चौथ्याच भाषेत वाटून खायचा.

आमच्या भाजीवाल्या अक्कांसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. एक बाई येते, "येंता?" म्हणते. अक्का तेलुगूत भाव सांगतात. मागनं एक आजोबा विचारतात, "येष्टु?" त्यांना कानडीत उत्तर. कॉलेजची मुलगी "कितने का है?" करत येते, तिला दखनीत भाव आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या. माझ्याशी मराठीत, त्या मराठीलाही तेलुगूचा हेल. माल खपवायचा आणि समोरच्याला अवघडू द्यायचं नाही, एवढा त्यांचा साधा हिशेब. पण संध्याकाळी गल्ला मोजताना त्यांना बघावं. चुरगळलेली नोट मांडीवर सपाट करतात, अंगठ्यानं पुढची सरकवतात आणि ओठ हलत असतात. वकटी, रेंडु, मूडु, नालुगु. दिवसभर कुणाशी कुठल्याही भाषेत बोलोत, पैसे मोजायचे ते तेलुगूतच. एकदा मी मध्येच गवारीचा भाव विचारला, तर मान वर न करता नुसता पंजा दाखवला. मोजणं संपेपर्यंत मराठी बंद.

याच अक्का लग्नाकार्याला हैदराबादकडं गेल्या की तिकडचे पाहुणे त्यांच्या तेलुगूला हसतात. मराठी शब्द फार येतात म्हणे. म्हणजे इथं त्या तेलुगू आणि तिथं मराठी.
"मग काय करता?" मी विचारलं.
"हसू दे की. वाढायचं तर थांबत नाहीत," अक्का म्हणाल्या आणि वांग्यांवर पाणी मारायला लागल्या.

भाच्याचं मात्र मला एक खटकतं. आवाज बदलण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडं जिगरी दोस्ताला मारलेली 'बे'ची हाक पुण्यातल्या साहेबाला उर्मट वाटू शकते, तेव्हा तिथं ती आवरणं यात शहाणपणच आहे. पण ऑफिसात आईचा फोन आला की तो जागेवरनं उठून जिन्यात जातो. वहिनीनं हसत हसत सांगितलं, पण तिलाही ते कळलेलं होतं. 'थांब हं, बाहेर येतो' म्हणतो, मग दार लागल्याचा आवाज, आणि त्यानंतर पोरगा तिचा होतो. अक्का भाषा बदलतात तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडं बघत असतात. हा बदलतो तेव्हा आजूबाजूला बघतो.

बरं, सोलापूरच लपवतो म्हणावं तर तसंही नाही. परत जाताना त्याच्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्यांची चळत असतेच. चटणी उखळात कुटलेलीच हवी, दाणे कुटता कुटता तेल सुटून ती चिकटायला लागली पाहिजे. मिक्सरमधली नुसती भुकटी होते. भाकरी ज्वारीची, पापडासारखी पातळ थापून, भाजून, मग कडकडीत वाळवलेली. ओल राहिली नाही की बरेच दिवस टिकते. भाच्याच्या ऑफिसात हा ऐवज टेबलावर ठेवला की बघता बघता फस्त होतो आणि मग तो अख्ख्या मजल्यावर 'सोलापूरकर' म्हणून मिरवतो. म्हणजे लोकांना जे आवडतं ते टेबलावर आणि ज्याला हसतील अशी भीती आहे ते जिन्यात. आपण कोण आहोत हेही आपण बाजारभाव बघून ठरवायला लागलो की काय!

चादरीचं बघा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीसुद्धा भलतीकडं विणलेल्या चादरीवर 'सोलापुरी' लिहून ती राजरोस विकली जाते. परके आमच्या गावाचं नाव लावून धंदा करतात आणि गाव विचारलं की आमची काही पोरं 'पुण्याजवळच' सांगतात. अडीचशे किलोमीटर म्हणजे जवळच की!

ज्या गाडीत हे सगळं चालतं तिचं नाव ज्यांच्यावरनं पडलं, ते चौघं बघा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. चार घरांतलं बोलणं, जेवण, देव सगळं वेगवेगळं. पण एका लढ्यात उतरायला कुणाला आपलं आडनाव घरी ठेवून यावं लागलं नव्हतं.

भाऊ फारच हट्टाला पेटला की मी त्याला डॉक्टर कोटणीसांकडं नेते. म्हणजे भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकाकडं बोट दाखवते. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथंच जन्मले. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव इनहुआ ठेवलं, त्यात भारतही आला आणि चीनही. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. एवढा मिसळून गेलेला माणूस सोलापूरनं आपला म्हणायचं कधी सोडलं नाही, आणि चिनी पाहुणे अजून त्यांचं घर बघायला येतात. भाऊ यावर गप्प बसतो. मग थोड्या वेळानं म्हणतो, "डॉक्टरची गोष्ट येगळी."

वेगळी आहेच. पण भाच्याची गोष्ट कळायला मला कोटणीसांपेक्षा गड्डा उपयोगी पडला. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्यांचे वेगवेगळ्या समाजांकडं असलेले मान, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, आणि रस्ताभर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. भाचाही बाराबंदी चढवतो. बंद बांधायला त्याला दरवेळी आईच लागते. एकदा का तो त्या गर्दीत शिरला की गच्चीवरनं आम्हाला सापडत नाही. सगळे सारखेच पांढरे, सगळ्यांच्या तोंडी एकच 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'. ऑफिसात चारचौघांसारखं दिसायची त्याची जी धडपड चालते, ती इथं औषधालासुद्धा नाही, आणि इथं तो हजारांत एक होऊन जातो. रात्री नऊला घरी आला तेव्हा घसा बसलेला, पाय धुळीनं माखलेले. "आत्या, जेवायला वाढ की, पोटात काही नाही बे," आत्यालाही बे! भाऊ त्या दिवशी त्याला 'खरा कुठला' विचारायला विसरला.

जेवता जेवता मी विचारलं, रजा कशी मिळाली? म्हणाला, अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. दरवर्षी तेच लिहितो. शेजारच्या टेबलावरचा मुलगा गणपतीला गावी जातो तो सरळ 'गणपती' लिहितो, कुणी काही विचारत नाही.
"मग तू गड्डा लिही की."
"साहेबांना गड्डा म्हणजे काय कळणार?"
"सांगायचं समजावून."
त्यानं भाकरी मोडून आमटीत टाकली, ती मऊ पडेपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "सांगतो की. चांगलं पुणेरी मराठीत सांगतो, म्हणजे नीट डोक्यात शिरंल."