आधी नावं, मग स्कॅनिंग: आजी-आजोबांच्या निरोपाच्या दिवसांत जुने फोटो जपताना

आजी किंवा आजोबा आता फार दिवसांचे सोबती नाहीत हे घरात कळून चुकलं, की जुने अल्बम बाहेर निघतात आणि स्कॅनरची शोधाशोध सुरू होते. स्कॅनर थांबू शकतो. कोरड्या जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो आणखी कित्येक वर्षं तसाच राहील. पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी आहे ती मुलगी कोण, हे सांगणारं माणूस आज समोर आहे. म्हणून पहिलं काम नावांचं.

एका बैठकीला आठ-दहा फोटो पुरे, वेळ २०-२५ मिनिटं. त्यापुढे थकलेलं माणूस 'हो, तोच असेल' म्हणून मोकळं होतं, आणि अशी अंदाजाने घेतलेली नावंच पुढे खरी मानली जातात. जुन्या फोटोंतले चेहरे बारीक असतात, तेव्हा मोबाइलने टिपून टॅबलेटवर मोठे करून दाखवा. मूळ फोटोही हातात द्या, त्या स्पर्शानेही आठवणी येतात. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दरवेळी फोटोचा क्रमांक मोठ्याने म्हणा: 'फोटो १४.' हे राहिलं, तर तासभराच्या बोलण्यातलं कुठलं वाक्य कुठल्या फोटोचं हे शोधताना नाकी नऊ येतात. 'हे कोण?' एवढ्यावर थांबू नका. फोटो कुणी काढला, त्या दिवशी काय होतं, यात असायला हवं होतं पण नाही असं कोण, हे विचारलं की गप्पा सुरू होतात. विसरभोळेपणा वाढलेला असेल, तर मात्र परीक्षा घेऊ नये. चुकलेलं नाव तिथल्या तिथे दुरुस्त करत बसू नका, ते नंतर दुसऱ्या कुणाकडून पडताळता येतं. त्या वेळी सोबत बसणं जास्त मोलाचं.

लिहिताना नुसतं 'मामा' किंवा 'काकू' लिहू नका. आज सगळ्यांना ठाऊक असतं, पण पतवंडांनी कुणाचा मामा समजायचा? पूर्ण नाव, आजीशी किंवा आजोबांशी नातं आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधीचंही. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, ते पुसून टाकू नका.

फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिल घ्या, २बी किंवा ४बी. फोटो स्वच्छ, टणक पृष्ठभागावर पालथा ठेवून कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूने उठते आणि शाई झिरपते. साधारण १९७० नंतरच्या, प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे नाव पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी.

सगळ्यात जास्त नुकसान करतात ते चिकट पानांचे अल्बम, पारदर्शक पातळ कागद उचलून फोटो चिकटवायचे ते. त्यातला गोंद पिवळा पडतो, वाळून फोटोला घट्ट धरतो, आणि वरचा कागद पीव्हीसी प्लास्टिकचा असेल तर त्यातून निघणारी रसायनं फोटो खराब करतात. फोटो काढण्याआधी प्रत्येक अख्ख्या पानाचा मोबाइलने फोटो घ्या, कारण पानावरचा क्रम आणि बाजूचे शेरे हीसुद्धा माहितीच आहे. मग बिनमेणाचा, बिनवासाचा डेंटल फ्लॉस एका कोपऱ्याखाली सरकवा आणि पानाला समांतर ठेवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. फोटो वर ओढायचा नाही, तो वाकला की वरचा थर तडकतो. सुटतच नसेल तर तिथेच थांबा आणि पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच: दमटपणाने वरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरलेला असतो. ओढला तर चेहराच काचेवर राहील. आधी काचेतूनच टिपून घ्या, बाकीचं काम फोटो-संवर्धकाचं. आणि लॅमिनेशन कधीच नको. ते परत निघत नाही.

स्कॅन करताना काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. नेहमीच्या आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतं. पासपोर्टएवढ्या फोटोला किंवा गटातला एकच चेहरा मोठा करायचा असेल तर १२००. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि डाग जसेच्या तसे नोंदले जातात. मूळ स्कॅन टिफ या, तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला साधारण २६ एमबी होतो. नातेवाइकांना पाठवायला त्याचीच जेपेग, म्हणजे लहान आकाराची फाइल, करा. पाठीवर काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. निगेटिव्ह कृष्णधवल असतील, तर धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवा. फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि सॉफ्टवेअर तिलाच धूळ समजून चित्र बिघडवतं. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करून आधी स्कॅन करा.

आजी-आजोबांचा एक चांगला फोटो मात्र आधीच स्कॅन करून ठेवा, मन कितीही नको म्हणालं तरी. माणूस गेल्यावर तासाभरात मोठा फोटो हवा असतो, आणि त्या धांदलीत मूळ प्रत बाहेर जाते ती पुष्कळदा परत येत नाही. बाहेर द्यायची ती फाइलच.

मूळ फोटो आम्लमुक्त कागदाच्या किंवा पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. रबरबँड, सेलोटेप, टाचण्या काढून टाका. माळा नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के चांगली. ६५ च्या वर ती बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि कसरही अशाच दमट जागी वाढते, जिलेटिन खाते. डांबरगोळ्या फोटोंसोबत ठेवू नका. रंगीत फोटोंना थंडावा जास्त हवा, कारण त्यातले रंग अंधारातही विटतात.

घर आवरताना भावंडांमध्ये फोटो वाटले जातात. वाटणी स्कॅनिंगनंतर करा आणि कुठला मूळ फोटो कुणाकडे गेला त्याची यादी ठेवा. स्कॅन, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि नावांची यादी एकाच फोल्डरमध्ये, एकाच क्रमांकाने ठेवा: ०१४ चा फोटो, ०१४ चा आवाज. त्याच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहा; हार्ड डिस्क नुसती पडून असली तरी बिघडते.