आमची वाटचाल : पॅनेलपासून सेक्शनपर्यंत

२००४ साली पुण्याच्या धायरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सुरुवात केली तेव्हा बोर्डावर 'अकौस्टिक पॅनेल बनवून व बसवून मिळतील' एवढंच लिहिलं होतं. मी मूळचा इंटिरियरच्या कामातला, भागीदार ध्वनिमुद्रणातला. एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) चौकट, आत आवाज शोषणारी ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर, वरून कापड, चौरस फुटाला ठरलेला दर. मल्टिप्लेक्स उभी राहत होती, घरोघरी छोटे रेकॉर्डिंग स्टुडिओ निघत होते, मंगल कार्यालयांचे मालक 'आवाज फार घुमतो हो' म्हणत यायचे. काम भरपूर होतं आणि धंद्याचं गणित सोपं होतं.

नाट्यगृहांची कामं यायला लागली तसं ते गणित बसेना. कारण साधं आहे. पॅनेल आवाज खातं. ते आवाज देत नाही. घुमणाऱ्या खोलीत आठ पॅनेल लावली की गिऱ्हाईक खूश, पण ज्या सभागृहात गाणं कोरडं, चिपाडासारखं लागतं, तिथे आम्ही काय लावणार? तरी 'आवाज वाढवणारं पॅनेल' मागणारे लोक आजही येतात, आणि ते विकणारेही बाजारात आहेत.

हे सगळं शास्त्र एका कोंदट व्याख्यानगृहातून निघालं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कला संग्रहालयातल्या सभागृहाचं दुखणं वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे सोपवलं. तिथे बोललेलं वाक्य संपलं तरी पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचं. सॅबाइन शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र आम्ही आजही पहिल्या पानावर मांडतो : सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा, आतल्या माणसा-वस्तूंच्या एकूण ध्वनिशोषणाने भागा. येतो तो अनुरणन काल, म्हणजे थांबलेला आवाज विरायला लागणारे सेकंद. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल या हिशेबाने बांधला गेला, आणि तो आजही जगातल्या उत्तम सभागृहांत मोजला जातो.

या सूत्रातली मेख अशी की शोषणाचा मोठा वाटा प्रेक्षकांचाच असतो. माणसं, कपडे, गादीच्या खुर्च्या. त्या कमी करता येत नाहीत. तिकिटं त्यांचीच असतात. मग उरतं घनफळ. नाटकाला एका खुर्चीमागे चार-पाच घनमीटर पुरतात; अनुरणन एक सेकंदाच्या आसपास राहिलं तर शब्द स्वच्छ पोचतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंद लागतात, म्हणजे खुर्चीमागे आठ-दहा घनमीटर. आपली मैफल या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. ख्यालाला थोडी ओल हवी, पण तबल्याचे बोल एकमेकांत मिसळता कामा नयेत. एवढं घनफळ मिळतं ते छताच्या उंचीतून. ही उंची सेक्शनच्या, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर ठरते, आणि आम्हाला बोलावलं जायचं ते स्लॅब पडून, पीओपीचं सीलिंग लागून, उद्घाटनाची तारीख छापून झाल्यावर.

आमचं डोकं खऱ्या अर्थाने फिरलं ते मुंबईत, एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या) टाटा थिएटरमध्ये. १९८० साली उघडलेलं, हजारेक आसनांचं हे सभागृह भारतीय संगीत माइकशिवाय ऐकू यावं या हिशेबाने बांधलेलं आहे. प्रेक्षक रंगमंचासमोर पंख्यासारखे पसरलेले. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. पंख्याचा आकार खरं तर ध्वनीवाल्यांना नकोसा, कारण बाजूच्या भिंती लांब जातात आणि बाजूने येणारं परावर्तन मधल्या श्रोत्यापर्यंत नीट पोचत नाही. पण गवई जवळ दिसायला हवा, त्याचा हात, चेहरा दिसायला हवा, ही मैफलीची गरज तिथे आधी धरली आणि मग आवाजाची सोय लावली. (आता तिथेही पुष्कळदा माइक लावूनच कार्यक्रम होतात. आपले कलाकार मॉनिटरशिवाय, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरशिवाय, गायला तयार नसतात, तो वेगळा विषय.)

हीच जोडी त्याआधी न्यूयॉर्कला एका फसलेल्या सभागृहावर काम करून आली होती. लिंकन सेंटरचा फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली मोठ्या गाजावाजात उघडला. सल्लागार लिओ बेरानेक यांनी त्यासाठी जगभरातल्या नामांकित सभागृहांचा अभ्यास केला होता. पण वाटेत आसनं वाढवली, आकार बदलला, आणि उघडल्यावर खर्जच ऐकू येईना. वरचेवर डागडुजी झाली, शेवटी १९७६ मध्ये जॉन्सन आणि हॅरिस यांनी आतलं सगळं काढून नव्याने बांधलं. तेही पुरलं नाही. २०२२ मध्ये पुन्हा आतून नवं सभागृह झालं, ते पाचशेहून जास्त आसनं कमी करून. नगरपालिकेच्या मीटिंगमध्ये कुणी 'अजून दोनशे खुर्च्या बसवा की' म्हणालं, की मी ही गोष्ट सांगतो. कधी उपयोग होतो, बहुतेकदा नाही.

२०१९ मध्ये हॅनोव्हरला लाकूडकामाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला गेलो, तिथून हॅम्बुर्गला जाऊन एल्बफिलहार्मोनी हे संगीत सभागृह पाहून आलो. आधी जानेवारी २०१७ मध्ये उघडली तेव्हा बातम्या तिच्या खर्चाच्याच होत्या. काम ठरल्यापेक्षा सहा-सात वर्षं लांबलं. आपल्याकडचीच टेंडरं रखडतात असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मुख्य सभागृहात २१०० आसनं, रंगमंच मध्ये आणि प्रेक्षक चोहोबाजूंनी मजल्यांवर चढत गेलेले. ही मांडणी बर्लिनच्या १९६३ च्या फिलहार्मोनीपासून आली. एवढी माणसं असूनही कुणीही वाद्यवृंदाच्या संचालकापासून तीस मीटरपेक्षा लांब नाही.

मी मात्र भिंतींनाच हात लावत फिरलो. जिप्सम फायबरची सुमारे दहा हजार पॅनेल, प्रत्येकाचा आकार वेगळा, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरकाम यंत्रावर) खोदलेली. ध्वनितज्ज्ञ यासुहिसा टोयोटा यांच्या हिशेबानुसार खळगे कुठे खोल, कुठे उथळ, म्हणजे आवाज आरशासारखा एकदम न परतता विखरून परततो. आधी दहास एक प्रमाणाची प्रतिकृती बांधून, दहापट वरच्या कंपनसंख्येचा आवाज सोडून मोजणी केली होती. आणि ही पॅनेल जड आहेत. आपल्याकडे चुकतं ते इथेच. पातळ प्लायमागे पोकळी ठेवली की तो प्लाय खर्जाच्या आवाजाबरोबर स्वतः थरथरतो आणि तोच खातो. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा तिथे जातो. दिसायला लाकूड, सगळे म्हणतात 'काय गोडवा असेल'!

परत आल्यावर आम्ही शेडमध्ये सीएनसी राउटर घेतला, कर्ज काढून. विखुरणारी पॅनेल स्वतः बनवायला लागलो आणि संगीतासाठी पातळ प्लायची कामं घ्यायचं बंद केलं. काही आर्किटेक्ट दुरावले. पॅनेल विकणारा माणूस 'इथे विटांच्या भिंतीवर नुसता गिलावा ठेवा' म्हणतो हे त्यांना विचित्र वाटलं. दुसरा बदल पैशांचा. आम्ही ड्रॉइंगच्या टप्प्याची फी वेगळी लावली. पॅनेलचे पैसे लोक देतात, कारण ते भिंतीवर दिसतं. सीलिंग दोन मीटर उंच करायला सांगण्याचे पैसे मागितले की चहा गार होतो. पहिली दोन-तीन वर्षं त्या फीपेक्षा प्रवासखर्च जास्त होता.

तरी हट्ट धरला, कारण बहुउद्देशीय सभागृहाला दुसरा मार्ग नाही. घनफळ संगीताच्या हिशेबाने ठेवायचं आणि नाटक असेल त्या दिवशी बाजूच्या भिंतींवर जाड पडदे ओढून अनुरणन खाली आणायचं. उलटं करता येत नाही. एका तालुक्याच्या गावी सहाशे आसनांच्या सभागृहात हे जमून आलं. तिथले हौशी नाटकवाले पडद्यांची दोरी कोणत्या खुणेपर्यंत ओढायची हे आता आमच्यापेक्षा चांगलं सांगतात.

एसीवरून मात्र अजून दर साइटवर भांडण होतं. डक्ट, म्हणजे हवेचा मार्ग, लहान ठेवला की हवा जोरात येते, हवा जोरात आली की ती ऐकू येते, आणि तंबोरे जुळवताना तो घरघराट सा-पासून वेगळा काढता येत नाही. मोठा डक्ट म्हणजे बीम खाली, खर्च वर. एसीची यंत्रं रंगमंचाच्या डोक्यावर नकोत, हे तर पत्रात अधोरेखित करूनच पाठवतो.

नवं काम असेल तर प्लॅनबरोबर सेक्शन पाठवा. गाणं किती, नाटक किती, लग्नांनाही हॉल भाड्याने द्यायचा आहे का, हे खरं खरं लिहा. आणि स्लॅब पडायच्या आधी फोन करा.