आजची भाकर

सोलापूरजवळ तिऱ्ह्याला सीना नदीचा पूल ओलांडताना वडील आठवले. नाताळात पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायचे आणि सांगायचे, टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. मी सहा-सात वर्षांची असेन. मला तो पूल खराच वाटायचा, हाच, सीनेवरचा. पुलावरून एसटी गेली की मी खिडकीतून टिळकांना शोधायची.

मी शब्बाथशाळेत, चर्चच्या रविवारच्या शाळेत वाढलेली. शेजारच्या वहिनी दरवर्षी बोलवायच्या, 'चला की ओ, आमच्या विणकरांच्या दिंडीत सगळे घरचेच.' दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून माझ्या प्रार्थनेत देवाकडून येणं किती राहिलं, एवढंच असायचं. यंदा निघाले.

पाठीवर पाच दिवसांच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, औषधं, दोन टॉर्च. पुढच्या टेम्पोवर कर्णा. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी दुपारी तो कर्णा आणि 'रांग धरा, रांग धरा' म्हणणारे एक काका, दोघांचाही मला संताप आला होता. टाचेला फोड आला होता. रस्त्याकडेला लिंबाखाली बसले, बूट काढला आणि रडू आलं.

शेजारी एक आज्जी टेकली. अक्कलकोटकडची, दुसऱ्याच दिंडीतली. काही न विचारता तिनं माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घेतला. 'आज्जी, पायाला हात नका लावू.'

'गप बस पोरी. वारीत पाय कुनाचा न् हात कुनाचा!'

पन्नाशीच्या बाईला पोरी! तिनं पडशीतून सुई काढली, काडी ओढून तापवली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरू लागलं. मग तेलात कालवलेली हळद. माझा पाय तिच्या मांडीवर आणि माझ्या मनात येशूचा शिष्य पेत्र, पाय धुवायला बसलेल्या गुरूला माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस म्हणून अडून बसलेला.

तिच्या पडशीत लुगडं, तांब्या आणि ही सुई. बाकी काही नाही.

'राती कुठं जेवणार आज्जी?'

'कोन तर घालंल की.'

'नाही घातलं तर?'

ती माझ्याकडे बघतच राहिली. 'आजवर घातलंय की गं.'

मी कडक भाकर पुढं केली. 'दात न्हाईत मला,' म्हणाली.

संध्याकाळी एका गावानं आमटी-भाताची पंगत मांडली. आज्जी मला शोधत आली, हाताला धरून पंगतीत बसवलं. पत्रावळीवर आमटीची वाफ. मी डोळे मिटले, लहानपणी मिटायचे तसे, घट्ट. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' आज. किती हजार वेळा म्हटलं असेन! आणि पाठीवर पाच दिवसांच्या भाकरी.

बेगमपूर, माचणूर, मग मंगळवेढं. चोखोबांना आईकडून नमस्कार केला, तिला ते फार प्रिय. पाऊस किती वेळा आला आठवत नाही. भाकरी वाटून टाकल्या.

पंढरपुरात दर्शनरांगेला मी गेले नाही. चंद्रभागेत घोटाभर पाण्यात उभी होते. आज्जी डुबकी मारून निथळत आली.

'तुजा देव कंचा गं?'

'येशू.'

'मग त्याला सांग, म्हातारी बरी हाय म्हनावं.'

एवढं बोलून ती गर्दीत गेली. मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं, मोठ्यानं. मग आईचं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. टाचेतल्या दोऱ्याची टोकं पाण्यात हलत होती.