जुन्या जीपची टाकी बसवताना

सीजे-३बी जीपची पेट्रोल टाकी चालकाच्या सीटखाली, पत्र्याच्या खळग्यात बसते. त्या खळग्यात चिखल साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पत्रा सडत जातो. माझ्या जीपचा तसाच गेला होता. टाकी धड होती, पण तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या नावापुरत्या. वळणावर सीटखाली धडधड व्हायची. साधारण ४० लिटर पेट्रोल, म्हणजे ३० किलो वजन, बुडाखाली इकडून तिकडे सरकतंय हा विचार सुखाचा नाही.

काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं. पत्रा बदलायचा म्हणजे वेल्डिंग, म्हणून टाकी आधी काढून लांब ठेवली. भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. आतली वाफ पेट घेते. नवा पत्रा बसल्यावर फॅब्रिकेटर म्हणाले, "साहेब, टाकीलाच चार कान मारतो की, बोल्टात आवळली की विषय संपला."

मी म्हटलं, "नको मामा, पट्ट्याच करा."

खडकाळ वाटेवर एक चाक वर, एक खाली झालं की जीपची बॉडी पिळवटते. कानांनी, म्हणजे टाकीला जोडलेल्या भोकाच्या पत्र्यांनी, जखडलेली टाकीही तिच्यासोबत पिळवटणार आणि कधीतरी कानाच्या मुळाशी चिरणार. पट्टीत धरलेल्या टाकीला तेवढी मोकळीक मिळते. मामांना हे पटायला एक चहा लागला.

मग त्यांनी काम मात्र झकास केलं. पट्ट्यांच्या कडा घासून बोथट केल्या. पातळ पत्र्यातून बोल्ट ओढला जाऊ नये म्हणून खालून ३ मिमीच्या प्लेटा दिल्या, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, धक्क्यांनी सहज न सुटणारे नट. आधी कुणीतरी टाकीखाली गोणपाट घातलं होतं. ते पाणी धरून ठेवतं, गंजाला आमंत्रणच. टायरच्या ट्यूबचे तुकडेही चालत नाहीत, पेट्रोल लागलं की फुगतात. म्हणून पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची शीट आणली, ती टाकीखाली आणि पट्ट्यांखालीही.

रबर आलं की आणखी एक काम वाढतं, आणि ते बहुतेक जण विसरतात. टाकीत तरंगून पेट्रोलच्या काट्याला पातळी कळवणाऱ्या फ्लोटचं अर्थिंग टाकीच्या अंगातूनच होतं. रबरावर बसलेल्या टाकीचा बॉडीशी विजेचा संपर्क तुटतो, मग काटा काहीही दाखवतो. म्हणून फ्लोटच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी वायर ओढली, बॉडीकडचा रंग खरवडून. झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे ना, तेही पाहिलं. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल पुढे येत नाही.

पट्ट्या आवळताना टाकीचा पत्रा दबू द्यायचा नाही. रबर जेमतेम चेपलं की थांबायचं, टाकी भरायची आणि खराब रस्त्यावर फिरवून आणायची. मी गगनबावड्याला जाऊन भुईबावडा घाट उतरून आलो. रबर बसल्यामुळे नट थोडे सैल पडले होते, ते पुन्हा आवळले. आता सीटखालून आवाज येतो तो फक्त पान्यांचा, कारण टूलबॉक्सची कडी अजून तुटकीच आहे.