बिनसाखरेची शॅम्पेन मला का आवडते: तुम्ही विचारलेत म्हणून

‘इतकी कोरडी आणि आंबट शॅम्पेन तुम्हाला आवडते तरी कशी?’ वाइन वाढण्याच्या नोकरीत पाहुणे हे विचारत आले आणि घरी नातेवाईकही विचारतात. आवडल्याचे मी सोंग आणतो, असा संशय त्यामागे असतो, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

‘ब्रूट नात्यूर’ शॅम्पेनमध्ये यीस्टचा गाळ काढल्यावर वरून साखर मुळीच घालत नाहीत. मूळची उरलेली साखरही लिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी असावी लागते. नेहमीच्या ‘ब्रूट’ शॅम्पेनमध्ये हे प्रमाण १२ ग्रॅमपर्यंत चालते. पहिल्या घोटाला लिंबाची साल आणि हिरवे सफरचंद जाणवते, मग ओल्या खडूसारखी चव येते आणि शेवटी किंचित कडवटपणा राहतो. बाटली गाळावर पुष्कळ काळ राहिली असेल, तर भाजलेल्या पावाचा वासही येतो. हे सारे मला खरोखर आवडते.

मुंबईतल्या एका हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाच्या मेजवानीला यजमानांनी ही शॅम्पेन माझ्याकडून सगळे समजून घेऊन निवडली होती. पहिला घोट घेताच त्यांच्या थोरल्या बंधूंनी ‘ही नासली आहे’ असे सर्वांदेखत जाहीर केले. मी उत्तर देऊ लागलो, तोच माझ्या वरिष्ठांनी मला थांबवले, टेबलाची माफी मागितली आणि बाटली उचलून गोडसर डेमी-सेक आणवली. पाहुण्यांना शिकवण्यासाठी तुम्हाला ठेवलेले नाही, असे त्यांनी मला आत बोलावून सुनावले. त्यांनी त्या बाटलीचा साधा वासही घेतला नव्हता, हे मला आजही सहन होत नाही. मी ती नंतर चाखली. तिच्यात बुचामुळे येणारा कुबट वास नव्हता, की शिळेपणाही नव्हता. यजमानांच्या पत्नीने आपला पेला परत दिला नव्हता. तळलेल्या माशाबरोबर त्यांनी तो सावकाश संपवला, पण त्यांचे मत कोणी विचारले नाही.

तरीही अशी प्रत्येक बाटली चांगली असते, असे मी म्हणणार नाही. द्राक्षे कच्ची असतील, तर ती वाइन पातळ लागते आणि दात आंबतात. फ्रान्समधला शॅम्पेनचा प्रदेश थंड असल्यामुळे तिथे साखरेचा आधार लागत आला. अलीकडे हवा तापू लागल्यावर द्राक्षे अधिक पिकतात आणि हा प्रकार वाढला आहे. लोराँ-पेरिए या शॅम्पेन बनवणाऱ्या घराण्याने १९८१ मध्ये आपली बिनसाखरेची शॅम्पेन आणली, तेव्हा तिच्यासाठीही चांगल्या पिकलेल्या वर्षांच्या वाइन लागत.

साखर केवळ दोष झाकते, असे मी पूर्वी हिरिरीने म्हणत असे. आज माझ्यातल्या त्या तरुणाला मी सांगतो की चार-पाच ग्रॅम साखरेने गोडी येत नाही, आंबटपणाची धार तेवढी बोथट होते आणि बाटली पुढे मुरण्यासही मदत होते. त्यावर तो विचारतो, की ती धारच हवी असेल तर? त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही, आणि बाटली निवडताना बहुतेक वेळा मी त्याचेच ऐकतो.