बोटाखाली 'ग', पेटीवर 'म'

अंधशाळेत सहावीत असताना, १९८८ साली, गुरुजींनी माझ्या पुढ्यात ब्रेलचा, म्हणजे बोटानं वाचायच्या उठावदार ठिपक्यांचा, एक जाड कागद ठेवला आणि म्हणाले, "वाच." मी बोट फिरवलं. "द, ए, ग, ह..." पुढे काही अर्थच लागेना. "शब्द नाहीत रे ते," गुरुजी म्हणाले, "सूर आहेत."

तोवर गाणं म्हणजे गुरुजींनी म्हणायचं आणि आम्ही मागून म्हणायचं. सूर वाचायचे असतात हे ठाऊकच नव्हतं. शाळेत पाहुणे आले की म्हणत, देवानं डोळे नेले पण कान दिले. मला त्याचा राग यायचा. कान काही फुकट मिळाले नव्हते, ते गुरुजींनी पहाटे पाचला उठवून तयार केले होते. आणि नुसते कान पुरेसे नाहीत, हेही त्यांनीच शिकवलं.

ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. पाश्चात्त्य संगीताच्या ब्रेल लिपीत वरचे चार ठिपके सूर सांगतात, खालचे दोन त्याची लांबी. सी हा सूर म्हणजे १-४-५, आपल्या ब्रेलमधला द. त्याला सहावा ठिपका जोडला की सूर दुप्पट लांबतो, त्याऐवजी तिसरा जोडला तर चौपट. सुराच्या आधी सप्तकाची खूण. मधल्या सीसाठी फक्त पाचवा ठिपका. छापील स्वरलिपीतल्या पाच रेघांचं काम हे एवढे ठिपके करतात.

माझं घोडं अडलं ते एफपाशी. त्याचे ठिपके १-२-४-५, म्हणजे मराठीतला ग. पण सीला सा धरला तर एफ हा मध्यम! बोटाखाली ग आणि पेटीवर म. दोन महिने रोज तिथेच चुकायचो. गुरुजी चिडले नाहीत. माझं बोट धरून आधी कागदावर टेकवायचे, मग तेच बोट पट्टीवर.

पेटीला डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. वाचायला हातच उरत नाही. म्हणून दोन ओळी वाचायच्या, पाठ करायच्या, मग वाजवायच्या. पुढे शाळेत कीबोर्ड आला तेव्हा एक हात कागदावर आणि एक पट्ट्यांवर ठेवता आला. हात बदलून दुसरी बाजू बसवायची, मग दोन्ही जोडायच्या. वेळ लागतो, पण बसलेलं विसरत नाही.

ते कागद विकत मिळत नव्हते. शाळा सुटल्यावर बाई छापील पुस्तकातून एकेक सूर सांगायच्या आणि गुरुजी ब्रेलच्या पाटीत लावलेल्या कागदावर टोचायचे, उलटे, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद पालटला की सुलट वाचता यावेत. शब्दात एखादा ठिपका चुकला तर अंदाजानं कळतं. इथे चुकला की दुसराच सूर. म्हणून प्रत्येक ओळ गुरुजी पुन्हा बोटानं तपासायचे.

लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १८२९ साली, विशीत असताना, त्यांनी आपल्या लिपीची पहिली पुस्तिका काढली, तिच्या नावातच शब्दांबरोबर संगीतही आहे. गुरुजी हे फार अभिमानानं सांगत.

सूर वाचता येण्याचा खरा उपयोग मला कॉलेजात कळला. एका स्पर्धेसाठी मला सांगण्यात आलं, "तू कॅसेट ऐकून बसव." बसवलं. नंतर त्याच रचनेचा ब्रेल कागद हाती आला. ज्या जागी मी दरवेळी श्वासभर थांबत होतो, तिथे कागदावर थांबा नव्हताच. तो कॅसेटमधल्या वादकाचा होता, मी रचनाकाराचा समजून गिरवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी ती रचना माझ्या विचारानं वाजवली.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या एकतीस कागदांचं बाड माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षं बोटं फिरून ठिपके बसलेत, काही ओळी लागतच नाहीत. या सुट्टीत मी बाईंकडे गेलो. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, पण पुस्तक अजून जपलंय. त्या सांगत गेल्या, मी टोचत गेलो. एकवीस कागद झालेत. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी तेवढे तिथल्या संगीतवर्गात आणून देतो, उरलेले दहा दिवाळीपर्यंत.