मूल किती थांबणार?
आज समाजकार्याच्या वर्गात लंडनमधील व्यसनग्रस्त पालकांसाठीच्या कौटुंबिक न्यायालयाविषयी शिकवले. न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या या न्यायालयात, व्यसनापायी मुले दुरावण्याची वेळ आलेल्या आईवडिलांना एकच न्यायाधीश साधारण दर पंधरवड्याला, वकिलांच्या गैरहजेरीत, समोरासमोर भेटतो, उपचारांची विचारपूस करतो आणि प्रगती दिसली तर कौतुकही करतो.

एका विद्यार्थिनीने विचारले, "पण मूल किती थांबणार?" प्रश्न रास्त होता, इंग्लंडमध्ये अशी प्रकरणे सर्वसाधारणपणे २६ आठवड्यांत निकाली काढण्याचे बंधन २०१४ पासून आहे आणि व्यसन काही न्यायालयाच्या तारखा पाहून सुटत नाही. माझ्या मते मुदत मुलाच्या बाजूनेच असावी; मात्र पालकाला उपचार पहिल्या आठवड्यांपासूनच मिळायला हवेत, आणि नेमके त्यासाठीच तज्ज्ञांचे पथक या न्यायालयाशी जोडलेले असते.